चपला घालतानाचं दुखणं

हळर्ण गावात शिवदास परबाइतकं सुंदर मरणारा माणूस आजवर झाला नाही. नवरात्रात देवळासमोर जे नाटक होतं, त्यात तो ऐन उमेदीत दरसाल मरत असे. कधी तलवारीने, कधी विषाने, एकदा तर नुसत्या अपमानाने. छातीवर पंजा, दोन पावलं मागे, एक पुढे, मग एक मोठं भाषण, मग खांबाला टेकून एक छोटं भाषण आणि मग कुठे स्वारी खाली पडायची. पडली की मागून 'वन्स मोअर' यायचा आणि मेलेला शिवदास उठून, धोतर झटकून, पुन्हा पहिल्यापासून मरायचा. गावाने त्याला 'मरपी', म्हणजे मरणारा, हे नाव ठेवलं ते कौतुकाने. पोटापाण्यासाठी तो वीज खात्यात लाईनमन होता. निवृत्त होईपर्यंत खांबांवर चढूनही तिथे एकदाही मेला नाही, याचं त्याला विशेष काही वाटत नसे. खांबाखाली प्रेक्षक नसायचे.

त्याची एकुलती एक मुलगी गौरवी डॉक्टर झाली. बांबोळीच्या जीएमसीतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातून. सगळं सरळ चाललं होतं, तेवढ्यात तिच्या डोक्यात इंग्लंड शिरलं. तिथे डॉक्टरकी करायची तर तिथली परीक्षा द्यावी लागते. लेखी भाग तिने हां हां म्हणता पार केला. दुसरा भाग मँचेस्टरला जाऊन द्यायचा होता, आणि तो झाला की जीएमसीत नाव लागणार होतं. आता इंग्लंडात डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या मंडळालाही जीएमसीच म्हणतात, याला शिवदासचा काही इलाज नव्हता. पण त्याने ही गोष्ट शेजारच्या बाबलीला सांगितली, ती त्याची चूक.

"जीएमसीत नाव घालूक इंग्लंडाक जाता ती?" बाबलीने तोंडातली सुपारी थांबवली. "शिवदास, बांबोळेक बस जाता मरे. पणजेक उतर आनी दुसरी धर."

"ती जीएमसी वेगळी."

"वेगळी म्हणजे? नव्या इमारतीत?"

शिवदासने समजावून पाहिलं. बाबलीने समजल्यासारखं केलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावात झालं की मरप्याच्या चेडवाला जीएमसीत नोकरी मिळते आहे, पण मुलाखत मात्र मँचेस्टरला आहे. सरकारी कामात काहीही होऊ शकतं हे गावाला माहीत होतं, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

गौरवी मँचेस्टरला गेली आणि नापास होऊन परत आली. मोपाच्या विमानतळावरून ती थेट घरच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. आई वत्सलाने पुढ्यात पेज ठेवली तेव्हा रडून घेतलं आणि मग सांगितलं. औषधपाणी तिला सगळं येत होतं. पण त्या परीक्षेत एकेका खोलीत एकेक रोगी बसवलेला असतो, त्याच्याशी बोलायचं, त्याच्या मनातलं काढून घ्यायचं, आणि घंटा झाली की पुढच्या खोलीत. तिने प्रश्न भराभर विचारले, उत्तरं भराभर लिहिली, आणि निकालात तिचे सगळे गुण गेले ते एकाच ठिकाणी: रोग्याचं ऐकून घेत नाही.

"आनी ते रोगी खरे नसतत," ती म्हणाली. "नट असतत."

शिवदासने हातातला पेजेचा पेला खाली ठेवला.

"नट?"

"हां. शिकवलेले. आजारी असल्यासारखे करतत."

या माणसाला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल. घरात मरपी बसलेला, आणि त्याची मुलगी साता समुद्रापार जाऊन परक्या नटांपुढे नापास होते! त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या परीक्षेची तालीम आपण घेणार. रोगी आपण. सगळे. बायका आणि लहान मुलंसुद्धा.

यात एक भानगड होती, आणि ती फक्त शिवदासला ठाऊक होती. खाली नदीकाठी त्याचं भाट होतं, चार माड, पोफळी, थोडी केळी. तिथून घराकडची चढण चढताना गेले काही महिने त्याच्या छातीत दाटायचं. कुणीतरी आत बसून दार ओढून धरल्यासारखं. वाटेत फणसाखाली वाईच टेकलं की जायचं. हा गॅस नव्हे हे त्याला कळत होतं, म्हणूनच तो गॅस आहे असं त्याने ठरवून टाकलं होतं. मुलगी एकदा नापास झालेली, दुसऱ्यांदा बसायची तारीख लागलेली. तिला याचा वास लागला तर ती मँचेस्टर सोडून उशाशी येऊन बसणार, आणि मग जन्मभर आपल्याकडे बघून 'काय ना, बाबा, माझाच मन नव्हतां' म्हणणार. तसली गोड थाप तो सहन करणार नव्हता. परीक्षा होऊ दे, मग बघू. तोवर फणस आहेच.

तालीम सुरू झाली. गौरवी एका कार्डावर रोग लिहून द्यायची, शिवदास ते चष्मा लावून वाचायचा, आत जाऊन बाहेर यायचा आणि पडवीतल्या खुर्चीत बसायचा. बोलायचं इंग्लिशमध्ये, आणि शिवदासचं सगळं इंग्लिश वीज खात्याने शिकवलेलं.

"व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर टुडे?" गौरवी विचारायची.

"डॉक्टर, फ्यूज गॉन," शिवदास कपाळाला हात लावून म्हणायचा. "होल बॉडी शटडाऊन."

"कॅन यू डिस्क्राइब द पेन?"

"लूज कनेक्शन. कमिंग, गोइंग. फुल मून नाईट, मोअर स्पार्किंग." यानंतर तो खुर्चीतून घसरायला लागायचा आणि खांब शोधायचा.

"बाबा, तुमका नुसतो सर्दी-खोकलो आसा!"

"सर्दी आसली तरी काय? माणूस आतून किती तुटला आसतला!"

मूतखडा असो, मूळव्याध असो, पायात काटा मोडलेला असो, शिवदास भाषण केल्याशिवाय दुखत नसे. एकदा तर त्याने बाळंतिणीची कावीळ अशी काही केली की वत्सला स्वयंपाकघरातून तवा घेऊन बाहेर आली. गौरवी चिडायची, हसायची, पुन्हा चिडायची. पण तालीम सोडत नव्हती. विचारायला गावात दुसरा नट नव्हता.

मग एका सकाळी वाईट बातमी सांगण्याचा धडा निघाला. रोग्याला कॅन्सर आहे, तो हळूहळू, धीर देत सांगायचा. गौरवीने फार चांगलं सांगितलं. शिवदासने त्याहून चांगलं ऐकलं. इतकं चांगलं की त्याचा हंबरडा गावातल्या जुन्या गडाच्या पडक्या भिंतीपर्यंत गेला असावा. कुंपणापलीकडे बाबली गाय सोडत होता. त्याला इंग्लिशमधला 'कॅन्सर' एवढा एकच शब्द कळला, आणि तो पुरला.

दुपारच्या जेवणाआधी बाबली हजर. अंगात धुतलेला शर्ट, हातात बिस्किटांचे पुडे, पिशवीत पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे. खुर्चीच्या कडेवर टेकून तो शिवदासकडे पाहत राहिला.

"कसो आसंस?"

"बरो आसंय," शिवदास म्हणाला.

बाबलीचा चेहरा पडला. कारण हळर्णात साधी सर्दी झालेला माणूस 'मेलंय रे' म्हणून ओरडतो, आणि ज्याचं खरोखर काही खरं नाही तो म्हणतो, 'बरो आसंय'. बाबली मग पावसावर बोलला, सुपारीच्या रोगावर बोलला, जत्रेच्या वर्गणीवर बोलला. चहा झाला. दोन उंडे त्यानेच खाल्ले. शेवटी उठला, पायऱ्या उतरला, एक चप्पल पायात घातली, दुसरी अंगठ्याने चाचपली, आणि तिथेच घुटमळला.

"आनी एक," तो चपलेकडे बघत म्हणाला. "तुझी ती मोठी निसण. माडार चढूची. माका व्हयी होती. म्हणजे... तुका आता लागची ना, न्हय?"

शिवदास उठून त्याच्या अंगावर धावून गेला. गौरवी हसून हसून जमिनीवर बसली. बाबलीला सगळा प्रकार समजावून सांगावा लागला, बिस्किटं परत घेण्यावरून थोडी ओढाताण झाली, आणि निसण मिळाली नाही.

हसू ओसरल्यावर गौरवी एकदम गंभीर झाली.

"बाबा, तुमी बघितलांत? बाबलीकाका तासभर बसलो. निसणीचा काम चपला घालताना सांगितलान."

"सगळेच तसा करतत. बसान कोण खरां बोलता?"

"ताच सांगतंय. पेशंट पण तसाच करतत. उठता उठता खरां सांगतत. मँचेस्टराक मी घंटा वाजतली म्हणान ताबडतोब थँक यू म्हणय आनी उठय. तेंका चपला घालूकच दिलंय नाय."

त्या दिवसापासून तालमीला नवा प्रवेश जोडला. रोग्याने बोलणं झालं की उठायचं, पायऱ्यांवर जाऊन चपला घालायच्या, आणि कार्डाच्या तळाशी लिहिलेली गुपित काळजी तिथे सांगायची. तोवर डॉक्टरने तोंड मिटून बसायचं. शिवदासला हे आवडलं. एक्झिटला वाक्य मिळालं की कुठल्याही नटाला बरं वाटतं.

परीक्षा जवळ आली. बॅग भरून झाली होती. शेवटच्या तालमीला गौरवीने सोपं कार्ड दिलं: गुडघा दुखतो, आणि चपला घालताना सांगायचं की गुडघ्यामुळे नोकरी जाईल अशी भीती वाटते. शिवदास त्या सकाळी भाटातून शहाळी घेऊन आला होता, आणि फणसाखाली नेहमीपेक्षा जास्त टेकावं लागलं होतं. त्याने गुडघा झकास केला. "बेअरिंग गॉन, डॉक्टर. पोल बेंडिंग." मग लंगडत उठला, पायऱ्यांवर गेला, वाकला, चप्पल पायात सरकवली.

"आनी एक," तो म्हणाला.

गौरवी तोंड मिटून बसली होती.

"भाटातसून वर येताना हंयसर दाटता. वायच बसलंय काय जाता."

त्याचं त्यालाच कळलं नाही हे तोंडातून कसं निघालं. ना भाषण, ना खांब, ना इंग्लिश. आवाज असा, की कुणाला तरी बसची वेळ सांगतो आहे. आणि हात छातीवर गेला होता तो पंजा पसरून नव्हे. मूठ होती, साधी, बटणाजवळ टेकवलेली.

गौरवीने कार्ड पाहिलं. मग उलटून पाठीमागून पाहिलं.

"बाबा, ह्यां कार्डात ना."

"ना?" शिवदास सावरला. "मगे मी भर घातली. नट म्हटल्यार थोडी भर घालता."

"इंग्लिशीत कित्याक नाय घातलांत?"

शिवदास दुसरी चप्पल अंगठ्याने चाचपू लागला. गौरवी खुर्चीतून उठून पायऱ्यांपाशी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तिने सरळ ठेवला.

"बरां जमला. परत करा. वन्स मोअर."

शिवदासने सुरुवात केली. छातीवर पंजा ठेवला, एक पाऊल मागे गेला, तोंड उघडलं, आणि काही येईना. तलवारीचं मरण जो तीन तीनदा मेला, त्याला आपलं एवढंसं दुखणं दुसऱ्यांदा करता आलं नाही. तो पायरीवर बसला. एक चप्पल पायात, एक खाली.

"कधीपासून?" गौरवीने विचारलं.

"शिगम्यापासून," शिवदासने चपलेला सांगितलं.

पुढे सगळं धावपळीचं झालं. बाबलीने आपली पिकअप काढली. वत्सला शिव्या देत आणि देवाला हात जोडत पुढे बसली. गौरवी वडिलांचं मनगट धरून मागे.

"चल, जीएमसीत," ती म्हणाली.

"खंयच्या?" बाबलीने घाबरून विचारलं.

म्हणजे परब घराण्यातून त्या वर्षी जीएमसीत नाव लागलं ते आधी शिवदासचं. हृदयाची एक नळी जवळजवळ बुजली होती. तिथल्या डॉक्टरांनी मनगटातून तार घालून आत जाळी बसवली. शिवदास पडद्यावर सगळं बघत होता आणि नंतर भेटायला येईल त्याला सांगत होता की लाईन चोक होती, जंपर टाकला, सप्लाय चालू. चढणीवर आणखी काही दिवस फणसाच्या भरवशावर राहिला असता, तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी गौरवीला बाजूला घेऊन सांगितलं. 

खाटेपाशी आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि ती भांडायच्या तयारीने आली होती.

"लपवलांत कित्याक?"

"तू गेली नसतंस."

"नसतंयच गेलंय! आता पण जाणंय नाय. तिकीट रद्द करतंय."

वत्सलाला वाटलं, आता हा मोठं भाषण करणार. बाप मुलीला निरोप देतो असला प्रवेश त्याने रंगमंचावर किती वेळा केला होता, सगळं पाठ होतं. पण शिवदास नुसता उशीवर पडून होता.

"तू जा," तो म्हणाला.

तोच आवाज. बसची वेळ सांगणारा. गौरवीने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि पुढे वाद घातला नाही.

मँचेस्टरच्या एका खोलीत तिला एक गोरी म्हातारी बाई भेटली. साधा खोकला, दुसरं काही नाही, आपण अगदी ठणठणीत आहोत, असं त्या बाईने हसून सांगितलं. 'आय ॲम फाईन, डिअर.' गौरवीच्या कानाला ते स्वच्छ 'बरी आसंय' असं ऐकू आलं. तिने पेन खाली ठेवलं. औषध सांगितलं, काळजी घ्या म्हणाली, आणि बाई पर्स उचलून उठेपर्यंत जागची हलली नाही. वेळ संपत आली होती, तरी ती तोंड मिटून बसली. बाईने पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला, कोट ओढला, आणि थांबली. मग म्हणाली की खरं सांगायचं तर, तिच्या नवऱ्याचाही खोकलाच होता, आधी.

गौरवी पास झाली. शिवदासने ही बातमी बाबलीला सांगितली. बाबली म्हणाला, बरां झाला, आता बांबोळेक जावन येवन करूक बस सोयीची.

निघायच्या दिवशी मोपाला अर्धा गाव आला होता. शिवदासने त्या दिवशी कमाल केली. आभाळाकडे हात करून तो म्हणाला की ही मुलगी परबांची नव्हे, हळर्णची नव्हे, अख्ख्या जगाच्या रोग्यांची आहे, आणि बापाच्या डोळ्यांत पाणी नाही, हे फक्त अभिमानाचं तेज आहे. रांगेतल्या परक्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. गौरवी एकटी टाळ्या वाजवत नव्हती. ती बापाकडे बघत थांबली होती, पण मागून लोक पुढे ढकलत होते, शिपाई पासपोर्ट मागत होता, आणि बापाचं भाषण काही संपेना. ती आत गेली. भाषण संपलं तेव्हा शिवदासला दिसलं की समोर फक्त काच आहे.

आता रोज संध्याकाळी, तिथे दुपार असते तेव्हा, तिचा व्हिडिओ कॉल येतो. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. शिवदास फोनसमोर ताठ बसला होता.

"कसे आसात?"

"एकदम बरो आसंय! गोळ्यो वेळार. सकाळी चलणां. चढण एका दमात. हृदय म्हणशीत तर..." त्याने पंजा पसरून छातीवर ठेवला.

"बाबा."

"किते?"

"चपला घाला."

शिवदासचा हात छातीवरच राहिला. त्याने एकदा वत्सलाकडे पाहिलं, मग उठला, बाहेर गेला, आणि चपला घालून फटक फटक करत आत आला. "आताच पुसलंय मी जमीन!" वत्सला ओरडली. तो पुन्हा फोनसमोर बसला. नजर पायांकडे. पलीकडे गौरवी तोंड मिटून बसली होती.

"आनी एक," तो म्हणाला. "तुझी आठवण येता गे बाय. खूप येता."

वत्सलाच्या हातातला फडका हातातच राहिला. फोनच्या पडद्यावरून गौरवी एकाएकी दिसेनाशी झाली, खाली वाकली असावी. नुसती रिकामी खुर्ची दिसत होती, आणि काहीतरी शोधल्याचा, नाक ओढल्याचा आवाज येत होता.

"गौरवी? लाईन गेली काय गे?"

"ना," खालून तिचा आवाज आला. "थांबा, बाबा. माका पण बूट घालूक देयात."